एक शीट प्लाय, तीन ॲम्प

आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या मागे गिटारचे तीन ॲम्प (ॲम्प्लिफायर) एकावर एक रचलेले असायचे. सगळ्यात खाली फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, त्यावर ब्लूज ज्युनियर आणि डोक्यावर दहा वॅटचा फ्रंटमन. खालचा वाजवायचा म्हटलं की वरचे दोन आधी जमिनीवर. आई त्याला 'तुझी उतरंड' म्हणायची. त्याआधी एका दुकानातून आणलेल्या पार्टिकल बोर्डाच्या रॅकवर ब्लूज ज्युनियर ठेवून पाहिला होता. पहिल्याच पावसाळ्यात फळीच्या कडा पावासारख्या फुगल्या, मधोमध झोळ आला आणि एके रात्री फळीखालची पिन सुटली. ॲम्प वाचला, कारण खाली गादी होती. मग शेवटी तिन्हींसाठी स्वतःच कपाट बांधायला घेतलं. ते कसं बांधलं, मापं कुठून आली आणि कुठे हात पोळले, ते सगळं इथे लिहितो आहे.

आधी ॲम्प मोजा, मग भिंत

बहुतेक जण भिंतीवर किती जागा आहे ते बघून कपाट ठरवतात. ॲम्पच्या बाबतीत हे उलटं करावं लागतं. पुस्तक एका बोटाने ओढता येतं. २९ किलोचा ॲम्प ओढायला दोन्ही हात आत जावे लागतात आणि ते हात मागे यायलाही जागा लागते. म्हणून प्रत्येक ॲम्पची रुंदी, उंची, खोली आणि वजन लिहून काढा. उंची मोजताना खालचे पाय धरा, वरचं हँडलही धरा.

माझी मापं अशी: ट्विन रुंदीला २६.५ इंच, उंचीला २०, खोलीला १०.५ आणि वजन २९ किलो. ब्लूज ज्युनियर १८ बाय १६ बाय साधारण ९ इंच, १४ किलो. फ्रंटमन जेमतेम १० इंच रुंद, ११ इंच उंच, ४ किलोच्या आसपास. व्हॉक्सचा एसी-३० असेल तर तो ट्विनपेक्षाही रुंद आणि जड, ३२ किलोपर्यंत जातो. त्यामुळे माझी मापं जशीच्या तशी उचलू नका.

सूत्र सोपं ठेवलं. रुंदीत दोन्ही बाजूंना किमान दीड इंच मोकळे, उंचीत वर ४ इंच, खोलीत मागे ३ इंच. मागची जागा वायरसाठी आणि हवेसाठी. त्यावरून कपाटाची आतली रुंदी ३० इंच आणि खोली १४ इंच ठरली. योगायोगाने १८ आणि १० मिळून २८ होतात, म्हणजे ब्लूज ज्युनियरच्या शेजारी फ्रंटमन आरामात बसतो. तळाचा कप्पा २४ इंच, मधला २०, वरचा १२. वरच्या कप्प्यात पेडल, केबल आणि आईच्या भाषेत 'ती गुंतवळ'.

एक गोष्ट मी जरा उशिरा पाहिली. ट्विनची बटणं समोरच्या बाजूला आहेत, पण ब्लूज ज्युनियरची माथ्यावर. एसी-३० चीही माथ्यावरच. असा ॲम्प कप्प्यात ठेवूनच वाजवायचा बेत असेल तर वर ४ इंच पुरत नाहीत, ७-८ इंच द्या. शिवाय व्हॉल्व्हच्या, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या, ॲम्पची उष्णता वर जाते, बंद खणात ती अडकून बसते. मी वाजवताना ॲम्प बाहेर काढतो, म्हणून मला ४ इंच पुरले.

फळी किती लांब चालेल

सगळ्यांना वाटतं की १८ एमएम प्लाय म्हणजे काही होत नाही. ३० इंच लांबीच्या फळीवर ३० किलो वजन सारखं पसरलं, तर ठोकळ हिशोबाने मध्ये २ मिलीमीटरच्या आसपास बाक येतो. तो डोळ्याला दिसतही नाही. आता तीच फळी ५ फूट केली आणि तसेच दोन ॲम्प शेजारी ठेवले, तर बाक दुप्पट होत नाही, सोळापट होतो. म्हणजे इंचभराहून जास्त. त्यात लाकूड कायमच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षं हळूहळू आणखी वाकत राहतं, ते वेगळंच. म्हणून लांबलचक फळी देखणी दिसली तरी मोह आवरा. एका उभ्या साईडपासून दुसरीपर्यंत ३०-३२ इंचांच्या वर जाऊ नका.

आणखी एक फायदा अरुंद कप्प्याचा. ॲम्पचं वजन त्याच्या चार पायांवर असतं आणि ते पाय कोपऱ्यांत असतात. कप्पा ॲम्पच्या मापाचा असेल तर पाय साईडच्या जवळ येतात आणि फळीच्या पोटावर फारसा भार पडत नाही.

तरीही फळीखाली पुढच्या कडेला २ इंची सागवानी पट्टी उभी लावा. पट्टी आडवी लावली तर शोभेची, उभी लावली तर कामाची. शाळेतली पट्टी आडवी धरून वाकवून बघा, मग उभी धरून बघा, लगेच कळेल.

खरेदी

पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक सकाळ घालवा. प्लायचा भाव चौरस फुटावर सांगतात आणि ८ बाय ४ ची शीट म्हणजे ३२ चौरस फूट. दुकानदार पहिल्यांदा विचारेल, 'कमर्शियल देऊ का?' कमर्शियल म्हणजे एमआर ग्रेड, फक्त दमटपणा सोसणारा. आपल्याला किमान बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) ग्रेड हवा, म्हणजे आयएस ३०३ चा शिक्का आणि त्यावर ती अक्षरं. कोकणात, गोव्यात, मुंबईत किंवा तळमजल्यावर राहत असाल तर सरळ मरीन घ्या, त्यावर आयएस ७१० असतं. दोन्ही वाळवीची प्रक्रिया केलेले आहेत का, ते विचारून घ्या.

शिक्क्यावर सगळा भरवसा टाकू नका. शीटची कड बघा. थरांमध्ये पोकळ्या दिसतात का? पोकळीत स्क्रू गेला की तो नुसता फिरत राहतो. टेपने किंवा कॅलिपरने जाडी तपासा, कारण १८ सांगून १७ आणि त्याहूनही कमी जाडीचा माल मिळतो आणि बाकाच्या हिशोबात जाडीचा घन येतो. मग शीट भिंतीला उभी करून लांबून एका डोळ्याने कडेवरून बघा. पापडासारखी वळलेली असेल तर दुसरी मागा. दुकानदार कुरकुरतो, पण देतो.

बाकीचं सामान थोडंच: दोन इंच रुंद, पाऊण इंच जाड सागवानी पट्टी ३० इंचांच्या दोन तुकड्यांएवढी, आठ नंबरचे सव्वा इंची आणि दोन इंची स्क्रू, फेविकॉलचा अर्धा किलोचा डबा, पॉलिश पेपर १२०, १८० आणि २२० नंबरचे, खाली ठोकायचे प्लास्टिकचे बुश, दोन मजबूत एल-पट्ट्या. स्क्रू घेताना जिप्समचे काळे स्क्रू नको म्हणा. ते कडक असतात आणि झटक्याला काडीसारखे तुटतात.

एका शीटमधून सगळं

कापून घ्यायचं काम दुकानाजवळच्या कटिंगवाल्याकडेच करा. घरी जिगसॉने ८ फुटांचा सरळ काप काढणं म्हणजे रविवार वाया घालवणं. ब्लेडची जाडी साधारण एक सूत धरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग. कागदावर माप लिहून न्या आणि वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड सोडून' असं लिहा. माझ्या पहिल्या कामात ते सांगायचं राहिलं आणि प्रत्येक तुकडा एक सूत आखूड आला.

आधी शीट लांबीत उभी कापायची: १४ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या, आणि उरते साडेपाच इंचांची चौथी. मग:

पहिल्या दोन पट्ट्यांतून ६३ इंचांची एकेक साईड आणि ३० इंचांची एकेक फळी.
तिसऱ्या पट्टीतून ३० इंचांच्या तीन फळ्या.
साडेपाच इंची पट्टीतून ३० इंचांचे तीन तुकडे.

फळ्या पाच झाल्या, आपल्याला चारच हव्यात: तळ, दोन मधल्या आणि माथा. पाचवीतून ४ इंच रुंदीचा ३० इंच लांब तुकडा काढा, तो मागच्या स्कर्टिंगला, म्हणजे तळफळीखालच्या उभ्या पट्टीला. उरलेल्या भागातून दीड इंच रुंदीचे आठ टेकू कापा, प्रत्येकी पावणेदहा इंचांच्या आसपास लांब. साडेपाच इंची तुकड्यांपैकी एक ४ इंचांवर कापला की पुढचं स्कर्टिंग झालं. उरलेले दोन मागच्या आडव्या पट्ट्या म्हणून.

उंचीचा ताळा असा: स्कर्टिंग ४, कप्पे २४ अधिक २० अधिक १२, चार फळ्यांची जाडी ३. एकूण ६३.

आखणी आणि टेकू

दोन्ही साईड जमिनीवर शेजारी शेजारी, पुस्तकासारख्या उघड्या ठेवा आणि दोन्हींवर एकदमच गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) रेघा मारा. वेगवेगळ्या आखल्या तर कुठेतरी पेन्सिलीची जाडी दगा देते आणि फळी तिरकी बसते. तळापासून फळीच्या खालच्या कडा येतात ४ इंचांवर, पावणेएकोणतीसवर, साडेएकोणपन्नासवर आणि सव्वाबासष्टवर. 'आतली', 'पुढची', 'डावी' हे खडूने लिहा. हसू नका, माझी एक साईड उलटी टेकू लावून झाली होती.

प्रत्येक रेघेखाली टेकू लावायचा. आधी फेविकॉल, मग प्रत्येकी तीन सव्वा इंची स्क्रू. प्लायच्या दोन जाड्या मिळून ३६ एमएम होतात आणि स्क्रू ३२ चा, त्यामुळे टोक बाहेर डोकावत नाही. टेकू मागच्या कडेपासून दीड इंच सोडून लावा, तिथे आडवी पट्टी यायची आहे.

पुष्कळ जण टेकू न लावता बाहेरून नुसते स्क्रू फळीच्या कडेत मारतात. पुस्तकांना चालतं. इथे ट्विन आत सरकवताना फळीला धक्का बसतो, रोज बसतो आणि प्लायच्या कडेतला स्क्रू थरांना फाकवतो. टेकू असला की वजन लाकडावर बसतं आणि स्क्रूचं काम फक्त धरून ठेवायचं उरतं.

जोडणी

एक साईड आडवी टाका. तिच्यावर फळ्या उभ्या करून, टेकूवर फेविकॉल लावून बसवा, मग दुसरी साईड वर. हे एकट्याने होत नाही. मी भाच्याला बोलावलं होतं, त्याच्या गिटार-शिकवणीच्या फीच्या बदल्यात. बाहेरून प्रत्येक फळीच्या टोकात दोन इंची तीन स्क्रू. त्याआधी ३ एमएमच्या बिटने भोक पाडणं सक्तीचं, नाहीतर कड उलते. भोकाचं तोंड काउंटरसिंकने थोडं मोठं करा, म्हणजे स्क्रूचं डोकं आत बसतं आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरता येते.

आता मागच्या पट्ट्या. एक माथ्याच्या फळीखाली, दुसरी ट्विनच्या वरच्या फळीखाली, दोन्ही उभ्या, साईडमध्ये बसवलेल्या. कपाट डावी-उजवीकडे डुगडुगतं ते यांच्यामुळे थांबतं, आणि फळीची मागची कडही सरळ राहते. संपूर्ण मागची बाजू प्लायने बंद करू नका. असे ॲम्प बहुधा मागून उघडे असतात, भिंतीची ओल बाहेर पडायला वाट हवी, आणि एक शीट आणखी लागते. पुढचं आणि मागचं स्कर्टिंग तळफळीखाली. सागवानी पट्ट्या दोन्ही मधल्या फळ्यांच्या पुढच्या कडेखाली.

काही जण पट्टी फळीच्या वर अर्धा इंच उचलून लावतात, ॲम्प थरथरून पुढे येऊ नये म्हणून. कप्प्यातच वाजवत असाल तर ठीक आहे. नाहीतर १४ किलो त्या काठावरून उचलून घेताना प्रत्येक वेळी तुम्ही सुताराला शिव्या द्याल, आणि सुतार तुम्हीच असाल.

फेविकॉल ओला असतानाच कर्ण मोजा. बाहेरची मापं ३१.५ आणि ६३ इंच आहेत, तर दोन्ही कर्ण साधारण ७० इंच साडेतीन सूत यायला हवेत. एक मोठा आला तर त्या कोपऱ्यांना दोरी किंवा शिकंजा लावून ओढा आणि पुन्हा मोजा. माझ्याकडे पाऊण इंचाचा फरक होता. पाच मिनिटांत निघाला, दुसऱ्या दिवशी निघाला नसता. चोवीस तास हात लावू नका.

रंग, आणि चिकटणारं कव्हर

पॉलिश पेपर १२० ने सुरुवात, २२० वर शेवट, मधे लांबी. पुढच्या कडांना सागाची पातळ लिपिंग पट्टी किंवा पीव्हीसीची टेप. पॉलिश करा, पीयू करा, ऑइलपेंट लावा, तुमची आवड. पण दोन जागा अजिबात चुकवू नका: साईडच्या खालच्या उघड्या कडा आणि मागच्या कडा. आपल्याकडे रोज लादी पुसली जाते आणि प्लायची उघडी कड ते पाणी वातीसारखं वर ओढते. तिथे दोन हात जास्त द्या आणि खाली बुश ठोका, म्हणजे लाकूड फरशीपासून सुटं राहील.

रंग हाताला कोरडा लागला तरी ॲम्प लगेच चढवू नका. ॲम्पवरचं काळं व्हिनाइल आणि खालचे रबरी पाय ताज्या रंगाला धरतात. व्हिनाइलमधला मऊपणा आणणारा पदार्थ रंगात उतरतो आणि रंग चिकट होतो. मी चौथ्या दिवशी ठेवला. दोन आठवड्यांनी काढायला गेलो तर 'चर्र' असा आवाज आला, आणि फळीवर आजही चार काळे गोल आहेत. किमान पंधरा दिवस थांबा आणि पायांखाली पातळ कॉर्क शीटचे तुकडे ठेवा. गालिचा नको, तो ओल धरतो.

भिंतीला बांधा

कपाट १४ इंच खोल आणि सव्वापाच फूट उंच आहे. जड ॲम्प तळाला असल्याने ते सहसा कलंडणार नाही, पण घरात पोरं असली तर 'सहसा' हा शब्द चालत नाही. माथ्याखालच्या मागच्या पट्टीतून एल-पट्टीने भिंतीला बांधा. भोक पाडताना भुगा बघा: लाल आला तर वीट, पांढरट-करडा पिठासारखा आला तर एएसी ब्लॉक (सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा), आणि ड्रिल नुसतं कण्हत बसलं तर काँक्रीट. ब्लॉकच्या भिंतीत हॅमर बंद करून साधं ड्रिल चालवा आणि लांब नायलॉन प्लग वापरा, साधा रॉल प्लग तिथे लोण्यातल्या काडीसारखा सुटतो. भिंत बाहेरची असेल तर कपाट दोन इंच पुढे ठेवा आणि मधे लाकडाचा ठोकळा द्या. फरशी उंचसखल असेल तर पाणसळ लावून बुशखाली पाचर सारा.

ठेवणं, काढणं

वाजवून झाल्यावर व्हॉल्व्हचा ॲम्प लगेच उचलू नका. वीस मिनिटं थंड होऊ द्या, तापलेल्या व्हॉल्व्हला धक्का सोसत नाही. मागून धूळ पुसायची असेल तर बाहेरूनच पुसा. प्लग काढलेला असला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात. शेजारी थ्री-पिन सॉकेट हवं, अर्थिंग तपासलेलं, आणि त्याचा बोर्ड कपाटाच्या बाहेरच्या बाजूला.

जून ते सप्टेंबर हे चार महिने खरी परीक्षा. प्लास्टिकच्या पिशव्यांनी ॲम्प झाकू नका, आत दमटपणा कोंडतो आणि व्हिनाइलवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. आईच्या जुन्या सुती साड्यांची कव्हरं शिवली आहेत, धूळ अडते आणि हवा खेळते. प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलची पुरचुंडी, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक ॲम्प अर्धा तास चालू. बटणं टोकापासून टोकापर्यंत फिरवा, खरखर कमी होते.

कपाट उभं राहून आता दोन पावसाळे झाले. फळ्या सरळ आहेत, दर दिवाळीला दोरी ताणून बघतो. खुपते ती एकच गोष्ट, तळाची फळी. ट्विन ४ इंच उचलून आत ठेवायचा, एवढंच. पण २९ किलो वाकून ४ इंच उचलणं कमरेला ४ फुटांसारखं वाटतं. पुन्हा बांधलं तर तळफळी आणि पुढचं स्कर्टिंग देणारच नाही. मागचं स्कर्टिंग तेवढं ठेवीन, डुगडुग थांबवायला, आणि ट्विनला चाकं लावीन. चाकांची ३ इंच उंची धरली तरी २३ इंच होतात. तळफळी गेल्यावर जमिनीपासून मधल्या फळीपर्यंत पावणेएकोणतीस इंच मोकळे मिळतात, म्हणजे खालची सागवानी पट्टी धरूनही मधली फळी तीन इंच खाली आणता येईल आणि ब्लूज ज्युनियरच्या माथ्यावरची बटणं कप्प्यातच हाताला लागतील. चाकं आणून ठेवली आहेत, दुसऱ्या शीटचे पैसे जमायचे आहेत.